वेल्सच्या सरहद्दीवरील काव्यमुलुखगिरी

इंग्रजी काव्याचे अभिजात ग्रंथ आपल्या संग्रही असावेत अशी आकांक्षा ज्याच्या अंतःकरणात उत्पन्न झाली असेल, त्याने लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरील दुकानांना दुरूनच मुजरा करून थेट हे-ऑन-वाय येथे प्रस्थान ठेवावे, असा जाणत्या मंडळींचा अभिप्राय पडल्यावरून आम्हीही कंबर बांधली. वेल्स आणि इंग्लंड यांच्या सरहद्दीवरील, दोन हजारांच्याही आतल्या वस्तीचे हे गाव जुन्या पुस्तकांसाठी जगद्विख्यात असले, तरी तेथे आगगाडी जात नाही. रिचर्ड बूथ नामक गृहस्थांनी १९६२ साली गावच्या जुन्या अग्निशामक ठाण्यात पुस्तकांचे दुकान थाटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेल्वेने तेथील उतारूंची वाहतूक कायमची बंद केली. या दोन घटनांचा परस्परसंबंध असल्याचे कोणी म्हणत नाही. परंतु ग्रंथांच्या पेट्या वाहणाऱ्या एखाद्या हमालाची जबानी घेतली असती, तर ती निराळी पडली असती.

सबब हेरेफर्डला उतरून बस धरणे प्राप्त होते. शेजारी बसलेल्या वयोवृद्ध गृहस्थांनी हवामानाचा रीतसर निकाल लावल्यानंतर आमच्या प्रवासाचे प्रयोजन विचारले, आणि एवढ्या दूर देशाहून आम्ही केवळ कवितांची पुस्तके घेण्यास आलो आहोत हे कळताच त्यांनी इतक्या अनुकंपेने खिडकीकडची जागा देऊ केली, की आमच्या प्रकृतीविषयी आम्हालाच शंका वाटू लागली.

हे गाव म्हणजे एक राज्य आहे, किंवा होते. गावातील जुनी गढी विकत घेऊन बसलेल्या याच बूथसाहेबांनी १ एप्रिल १९७७ रोजी, म्हणजे मुहूर्त अत्यंत विचारपूर्वक साधून, स्वतःस स्वतंत्र राज्याचा राजा म्हणून जाहीर केले, आपल्या घोड्याला पंतप्रधानपद दिले आणि सरदारक्या वाटण्याचा उद्योग आरंभिला. पुढे २००४ साली शेजारच्या राज्याच्या राणीने या सार्वभौम राजास एम. बी. ई. हा किताब दिला व त्याने तो घेतलाही. मांडलिकत्व इतक्या आनंदाने पत्करल्याचे उदाहरण आमच्या बखरींतही विरळाच. त्या गढीच्या आवारात उघड्या फळ्यांवर पुस्तके मांडलेली असतात, राखणीस कोणी नसते आणि मूल्य एका पेटीत टाकावयाचे असते. आमच्या मुलुखात हा दस्तूर सुरू केला, तर काव्यग्रंथ निश्चितच शाबूत राहतील. पेटीची हमी मात्र देता येणार नाही.

गावात केवळ काव्यालाच वाहिलेले एक दुकानही आहे. तथापि संग्राहकाची खरी सत्त्वपरीक्षा इतरत्र, कोपऱ्यातल्या धूळभरल्या खोक्यांपाशी होते. एडवर्ड फिट्झजेराल्डने उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद १८५९ साली प्रसिद्ध केला, तो कोणी विकत घेईना म्हणून अखेरीस दुकानाबाहेरच्या एका पेनीच्या खोक्यात जाऊन पडला, आणि तेथून तो रसिकांच्या हाती लागून पुढे असा गाजला, की आमच्या माधव जूलियनांनाही त्याची ‘द्राक्षकन्या’ करावीशी वाटली. ही कथा ठाऊक असलेला प्रत्येक संग्राहक त्या दिवसापासून गुडघे टेकून खोकी उपसत असतो. आमच्या शेजारीही असेच एक गृहस्थ गुडघ्यांवर होते. आम्ही एकमेकांच्या हातांकडे संशयाने पाहत बराच काळ उपसा केला आणि दोघांच्याही वाट्याला डुक्करपालनावरील एकेक सचित्र ग्रंथ आला.

टेनिसन आणि लाँगफेलो यांचे मात्र दुर्भिक्ष नाही. सोनेरी कडांचे, कातडी बांधणीचे त्यांचे भारदस्त खंड फळीफळीवर आढळतात, आणि आतल्या पानावर अमुक मुलाला शाळेतील नियमित हजेरीबद्दल बक्षीस, असा दाखला चिकटविलेला असतो. पुस्तकाची कोरीकरकरीत अवस्था पाहता, नियमितपणाची ही शिक्षा त्या बालकाने निमूटपणे सोसली, पण भोगली नाही, हे उघड होते. ग्रंथ जितका देखणा तितका वाचकाच्या स्पर्शाला पारखा, हा सिद्धान्त त्या फळ्यांपुढे आम्हास उमगला.

उलट ज्यांची पाठ खिळखिळी झालेली आहे, ती पुस्तके लहान चणीची. पाल्ग्रेव्हची १८६१ सालची ‘गोल्डन ट्रेझरी’ घ्या: तीत जिवंत कवीस प्रवेश नसल्याने, निवडीस साहाय्य करणाऱ्या टेनिसनला केवळ अर्पणपत्रिकेवर समाधान मानावे लागले. किंवा जे. एम. डेंट यांनी १९०६ साली एका शिलिंगास एक या दराने काढलेली ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ची पुस्तके घ्या, ती खिशात मावतात, आणि खिशात राहिल्यामुळेच वाचली जातात. त्यांच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा, पानांत चहाचे डाग आणि क्वचित बसचे तिकीटही सापडते.

परतीच्या विमानतळावर सामान काट्यावर चढले, तेव्हा तेथील कर्मचारी स्त्रीने जादा वजनाचा आकार सांगितला आणि आत काय आहे असे विचारले. कविता, असे उत्तर ऐकून तिने काटा पुन्हा शून्यावर आणून पाहिला. अंगरख्याच्या खिशांत कोंबलेल्या कीट्स, ब्लेक व हेरिक यांजवर मात्र कोणतीही जकात बसली नाही. तरी ज्या वाचकास असा संग्रह करावयाचा असेल, त्याने कपाट नंतर घ्यावे; आधी शिंप्याकडे जाऊन मोठ्या खिशांचा एक अंगरखा शिवून घ्यावा, आणि त्यात न मावणारा कवी, तो कितीही थोर असो, दुकानातच ठेवून यावे.