शिक्षक कसा काढावा: नवशिक्या अध्यक्षांसाठी

अभिनंदन, अध्यक्षसाहेब! उदगीरसारख्या गावात शाळा तुमच्या ताब्यात आली (वडिलांकडून आली असली तरी अभिनंदन कमी होत नाही), अनुदानही सुरू झाले, आणि नेमकी आत्ताच एका सरांच्या जागी मेहुण्याला बसवायची निकड निघाली. काढा सरांना. फक्त घाई करू नका.

ह्यूस्टनचा भाचा फोनवर म्हणेल, "मामा, त्यात काय? उद्यापासून येऊ नका म्हणायचं." त्याच्याकडे चालते ते. अमेरिकेत मॉन्टाना सोडले तर मालक कारण न सांगताही माणसाला घरी पाठवू शकतो. भेदभाव किंवा सूड दिसू नये एवढे सांभाळायचे. आपल्याकडे खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आडवा पडलेला आहे.

सोपा काळ होता तो परिविक्षेचा. काम किंवा वागणूक समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस नाहीतर एक महिन्याचा पगार, विषय संपला. तो काळ तुम्ही सत्कारांत घालवला. सर आता कायम आहेत.

नवशिक्यांची आवडती पद्धत तोंडी. मस्टर कपाटात, कपाटाची किल्ली सचिवांकडे, सचिव लग्नाला. पंधरा दिवसांनी लिहायचे की सर स्वतःहून गैरहजर आहेत. पद्धत छान आहे, पण सर पहिल्याच दिवशी "मला सही करू दिली नाही" असे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना रजिस्टरने पाठवतात आणि पोच जपून ठेवतात. शिक्षकांना कागद सांभाळायची वाईट सवय असते.

मग राजीनामा. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवली असेल, तर तुम्ही दूरदृष्टीचे आहात. दुर्दैवाने कायदाही आहे. कलम 7 प्रमाणे कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला धाडायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. म्हणजे ज्याला काढायचे त्यालाच पोस्टाच्या रांगेत उभे करायचे. तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे, ते कलमात नाही.

राहिली रीतसर चौकशी. आरोप लेखी द्यावे लागतात. ज्या गावात 2022 साली 95वे साहित्य संमेलन भरले, तिथे शब्द कमी पडू नयेत. पण "वर्तन संस्थेच्या ध्येयधोरणांशी विसंगत" एवढ्याने भागत नाही, तारीख आणि प्रसंग लागतो. समितीत तिघे: एक तुमचा, एक सरांनी निवडलेला, तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. हा तिसरा तुमच्या गाडीतून येणार नाही, असे धरून चाला. सर साक्षीदारांची उलटतपासणीही घेतील, आणि तुमचा साक्षीदार त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला तर तो उत्तर देताना आधी उभा राहील.

एवढे करून काढलेच, तर 30 दिवसांत सर लातूरच्या शाळा न्यायाधिकरणात अपील करतील. पुढच्या तारखा सोसायला वेळ आणि वकिलाची फी तुमच्याकडे जास्त आहे, हे खरे. बरेच अध्यक्ष याच भरवशावर असतात. पण 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका खासगी शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मागचा पूर्ण पगार द्यायला लावला आणि तो व्यवस्थापनाला भरायला सांगितला. "बाई मधल्या काळात दुसरीकडे कमावत होत्या" असे म्हणायचे असेल, तर ते संस्थेने सिद्ध करावे, असेही म्हटले. तेव्हा बजेट करताना दोन पगार धरा, मेहुण्याचा एक आणि सरांचा थकलेला दुसरा.

आणि हो, मेहुणा टीईटी पास आहे ना? आज जेवताना घरी विचारून घ्या.