घरच्या भट्टीचं पातेलं

मिनेसोटात राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरने साताऱ्याला आईला फोन लावला आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आता तो घरच्या घरी बिअर करणार आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "म्हणजे हातभट्टी?"

पुढचा अर्धा तास तो समजावत होता. हातभट्टीत दारू गाळतात, बिअर नुसती आंबवतात. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने अमेरिकेत घरी बिअर करायला मुभा मिळाली. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, तेही करमुक्त. एवढ्या सगळ्या कायद्यातून आईने आकडा तेवढा उचलला. "साडेसातशे लिटर? आणि तुम्ही दोघंच?"

तरी तिचा शब्द नेमका होता. या छंदात खरा प्रश्न भट्टीचा असतो. माणूस मात्र वर्षभर पातेल्याच्या मागे हिंडत राहतो. आमच्या इंजिनिअरला हे कळायला दोन वर्षं लागली, आणि गावातल्या महाराष्ट्र मंडळाशी असलेले संबंध काही काळ ताणले गेले.

सुरुवातीला सगळे माल्टचा तयार अर्क वापरतात. काकवीसारखा दाट पाक डब्यातून काढायचा, दहा लिटर पाण्यात उकळायचा, बाकीचं पाणी नंतर ओतायचं. म्हणजे पाकिटातल्या गुलाबजामसारखं. होतात चांगले, पण करणाऱ्याला कौतुक मागायला तोंड राहत नाही. म्हणून दोन-तीन खेपांनंतर मंडळी ‘ऑल-ग्रेन’कडे वळतात. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, पासष्ट ते अडुसष्ट अंश पाण्यात तासभर ठेवायचं, तेवढ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग गाळून घ्यायचं. नाचणीचं सत्त्व केलेल्या घरात यातलं काही नवीन नाही.

फरक पडतो तो पुढे. आता सगळंच्या सगळं पाणी एकदम उकळावं लागतं. १९ लिटर बिअर हवी, तर पातेल्यात २५-२६ लिटर घ्यायचे. तासाभराच्या उकळीत तीन-चार लिटरची वाफ होते, थोडं तळाच्या गाळात जातं. शिवाय वर फेसाला जागा हवी. म्हणजे ३०-४० लिटरचं भांडं आलं. अख्ख्या पंगतीची आमटी होईल एवढं.

दुकानातली स्टीलची पातेली देखणी होती. खाली तोटी, पोटावर थर्मामीटर, आत लिटरच्या खुणा. किंमत पाहून बायकोने फक्त भुवई उचलली. मग त्याने अभ्यास सुरू केला. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा दसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणूनच महागड्या स्टीलच्या भांड्यांच्या तळात अ‍ॅल्युमिनियमचा थर दडवलेला असतो. तांबं त्याहून सरस. ब्रिटनमधल्या ब्रुअरीत उकळायच्या भांड्याला अजूनही ‘कॉपर’ म्हणतात, मग ते स्टीलचं का असेना. त्याला एकदम आजोळचा बंब आठवला. तांब्याचा, पोटात विस्तव, खाली तोटी. आणखी काय हवं? पण बंब कधीच मोडीत गेला होता आणि त्या पैशांत आणलेला गिझरही.

शेवटी त्याने महाराष्ट्र मंडळाचं गणपतीतलं पातेलं उसनं आणलं. अ‍ॅल्युमिनियमचं, चाळीस लिटरचं, मसालेभाताचं. ते त्याने घासलं, विसळलं, पुन्हा घासलं. तरी पहिल्या बिअरला गोड्या मसाल्याचा मंद दरवळ आलाच, आणि फेस काही टिकला नाही. फेसाला तेलाचं वावडं असतं. भांड्याच्या कानाखाली दोन गणेशोत्सवांचं तेल साचलेलं होतं, तिथे त्याचा हात पोचला नव्हता. चिडून त्याने ब्रुइंगवाल्यांची लाडकी ऑक्सिजनवाली पावडर टाकून पातेलं रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी ते आतून काळंभोर! अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तोच त्याचं संरक्षण करतो. ही पावडर नेमकी तोच खाते. असं भांडं साध्या पाण्यात अर्धा तास उकळलं की नवा थर धरतो, हे खरं. पण हे रसायनशास्त्र मंडळाच्या खजिनदारकाकूंना समजावणं अवघड गेलं.

इतकं होऊनही दोष पातेल्याचा नव्हताच. घरातली शेगडी काचेची. काच फार तापली की आपोआप बंद होते, निवली की पुन्हा पेटते. वर मसालेभाताचा एवढा मोठा घेर बसल्यावर खालची आच कोंडते आणि शेगडी जास्त वेळ बंदच राहते. त्या दिवशी उकळी यायला दीड तास लागला. आली ती कशीबशी, आजारी माणसाच्या जांभईसारखी. साधा हिशेब होता आणि तो त्याने आधी केला नव्हता. तासाला साडेतीन लिटर पाण्याची वाफ करायची तर सव्वादोन किलोवॅट नुसत्या वाफेतच जातात. आणि जेवढी वाफ झाली ती कुठे गेली? शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता गाळून पुन्हा घरातच सोडणारा होता. संध्याकाळी छतावरून थेंब पडायला लागले.

आईने लगेच उपाय सुचवला. "आपला पाण्यात सोडायचा रॉड पाठवू का? बादली वीस मिनिटांत कढत होते."

सूचना अडाणी नव्हती. अमेरिकेतले ब्रुइंगवाले असाच रॉड घरी जोडतात आणि त्याला ‘हीट स्टिक’ म्हणतात. फक्त आपला रॉड २३० व्होल्टचा. तिथल्या १२० व्होल्टवर दीड हजार वॅटचा रॉड जेमतेम चारशे वॅट देतो. बादली दुपारपर्यंत कोमट झाली असती.

मग आला टर्की तळायचा संच. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तेलात सोडणारे लोक २८ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणि प्रोपेनचा बर्नर असा जोड घेतात, आणि सण सरला की तो स्वस्तात मिळतो. बर्नर ५५ हजार बीटीयूचा, म्हणजे सोळा किलोवॅट. बायको शाकाहारी. तिने विचारलं, "हे घरात ठेवायचं?" तो म्हणाला, "छे, ड्राइव्हवेवर." पेटवल्यावर आवाज असा, की शेजारच्याने खिडकीचा पडदा बाजूला केला.

२८ लिटरच्या भांड्यात २६ लिटर. उकळी फुटायच्या ऐन क्षणी त्यातली प्रथिनं फेस धरून वर येतात, दुधावर येतात तशीच, आणि दुधासारखीच मान वळवण्याची वाट पाहतात. तो फोन बघत होता. चिकट, गोड रस काठावरून बर्नरवर, बर्नरवरून डांबरावर. आठवडाभर मुंग्यांची चैन झाली. आई एवढंच म्हणाली, "उतू जातंय असं वाटलं की पाण्याचा हबका मारावा." हेच ज्ञान छंदाच्या पुस्तकांतही असतं, फक्त तिथे स्प्रेची बाटली असते.

डिसेंबरात उणे पंधरा. प्रोपेन बाटलीत द्रव असतो, त्याचा वायू होताना तो बाटलीचीच उष्णता ओढतो. बाटलीवर बर्फ चढला, दाब पडला, सोळा किलोवॅटची ज्योत निरांजनाएवढी झाली. तो सगळं उचलून गॅरेजमध्ये गेला, दार अर्धं उघडं ठेवून. वीस मिनिटांनी घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलायला लागला. या वायूला वास नाही, त्यामुळे नाकावर भिस्त ठेवणाऱ्याला तो कळत नाही. त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते इथे देता येत नाही.

उत्तर अखेर कपडे वाळवायच्या मशीनमागे सापडलं. २४० व्होल्टचा, तीस अँपिअरचा सॉकेट. इलेक्ट्रिशियनकडून झटक्यापासून बचावाचा ब्रेकर बसवून घेतला आणि पातेल्याच्या पोटात साडेपाच हजार वॅटची कॉइल. आता उष्णता आतूनच येत होती, तेव्हा तळात कोणता थर आहे याला अर्थच उरला नाही. साधं, पातळ, स्वस्त स्टीलचं पातेलं पुरलं. शनिवारी सकाळी कपडे, दुपारी बिअर, असा तह झाला.

उन्हाळ्यात आई आली. भट्टी खिडकीशी, वर पंखा, सगळं पाहून तिला बरं वाटलं. फक्त उघडं पातेलं तिला बघवेना. तो वळला की ती झाकण ठेवायची. "वीज फुकट जातेय." तो काढायचा. जवातून उकळीत एक गंधकाचं द्रव्य सुटतं. ते वाफेबरोबर जाऊ दिलं नाही, तर झाकणावरून ठिबकून परत आत येतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. चौथ्यांदा झाकण काढून त्याने ते लपवून ठेवलं.

तेवढ्यात साताऱ्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मागे धडधडणारं पातेलं तिला दिसलं. काय चाललंय, तिने विचारलं. यीस्ट पडायला अजून अवकाश होता, तोवर त्यात दारूचा टिपूसही नसतो. पातेल्यात नुसता जवाचा रस आणि हॉप्सची कडू फुलं उकळत होती. आईने डाव घातला, थोडं चाखलं, तोंड वाकडं केलं.

"काही नाही गं," ती म्हणाली, "काढा आहे."