सरहद्दीचे कारभारी

मोल्सवर्थच्या कोशात एक शब्द पाहावयाचा होता, म्हणून मी आमच्या एका स्नेह्यांकडे गेलो, आणि तो जाडजूड ग्रंथ कपाटात नसून टेबलावरील धाकट्या पडद्याच्या पायाखाली आढळला, याचे मला फारसे नवल वाटले नाही. कारण संगणकास एकाहून अधिक पडदे जोडणाऱ्या गृहस्थांची लक्षणे मी बरेच दिवस न्याहाळीत आलो आहे.

असा गृहस्थ पडद्यावरचा मजकूर सहसा वाचीत नाही. तो केवढा दिसतो, याचीच त्याला विवंचना. बँकेत गेला तरी खात्यातील शिल्लक विचारण्यापूर्वी तो कारकुनाच्या पडद्याकडे मान वाकडी करून पाहतो आणि ‘स्केलिंग चुकलंय तुमचं,’ असे हळहळून सांगतो.

आमच्या स्नेह्यांच्या डाव्या हातास २७ इंची फोर-के पडदा आहे, उजवीकडे २४ इंची जुना. पहिल्यावर दर इंचास सुमारे १६३ ठिपके, दुसऱ्यावर ९२. सबब उजवीकडे भरदार दिसणारे अक्षर डावीकडे मोहरीएवढे होते, आणि तिकडे दीडशे टक्क्यांचे माप लावणे प्राप्त होते. दशमान पद्धती येण्यापूर्वी पेठेपेठेची पायली निराळी असे, त्यातलाच हा प्रकार. पूर्वी विंडोजच्या सर्व पडद्यांवर एकच माप चाले; २०१३ साली ८.१ या आवृत्तीने प्रत्येक पडद्यास स्वतंत्र मापाची सनद दिली, आणि या घरी सरहद्दीचा तंटा उभा राहिला.

‘पाहा हं,’ म्हणून त्यांनी एक विंडो डावीकडून उजवीकडे ओढीत नेली. पलीकडे शिरलेला तिचा भाग लग्नघरच्या पाहुण्यासारखा ऐसपैस फुगला, आणि निम्म्याहून अधिक अंग हद्दीपार होताच ती सबंध विंडो टुणकन आकसली. मागे राहिलेला तुकडा मात्र इतका बारीक झाला, की त्यावरील मजकुरासाठी मला चष्मा पुसावा लागला.

त्यांच्या हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमची कैफियत याहून करुण. इंचास ९६ ठिपके यापलीकडे जगात काही माप असेल, ही वार्ताच त्याला नाही. मग यंत्रणा त्याचे चित्र त्याच मापाने काढून घेते आणि दीडपट ताणते, त्यामुळे अक्षरे पावसात भिजलेल्या दस्तऐवजासारखी फुटतात. त्या धुरकट मराठीत अनुस्वार कोणता आणि धूळ कोणती, हे ठरविण्यासाठी ते ओले फडके फिरवितात. जे पुसले जाते ती धूळ. शुद्धलेखनाची इतकी व्यवहार्य कसोटी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

राहिला कोश. थोरल्या पडद्याची उंची २१६० ठिपके, धाकट्याची १०८०. सेटिंगमध्ये दोहोंचे तळ जुळविलेले, त्यामुळे थोरल्याच्या वरच्या अर्ध्या भागात माउसचा बाण हद्दीवर येऊन भिंतीस थडकतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी धाकटा पडदा मोल्सवर्थवर चढविला. परंतु संगणकास कोशाची खबर नाही. तो सेटिंगमधील दोन चौकोन ओळखतो, आणि ते होते तेथेच आहेत.

मी तसे सुचविले.

‘ठाऊक आहे हो,’ ते म्हणाले, ‘पण आता मान या उंचीला बसलीय.’

‘मग माझा शब्द?’

‘चिठ्ठीवर लिहून ठेवा. रविवारी पडदा उतरवायचाच आहे, तेव्हा अर्थ कळवतो.’