कॉफी सोडली आणि दृष्ट लागली

अहो वहिनी, ते टॉवेल राहू द्या जरा, इकडे भिंतीशी या. आणि हळू बोला, त्यांची खिडकी उघडी आहे. पलीकडच्यांच्या धाकट्याचं कळलं का? नाही हो, लग्न नाही ठरलं. नोकरीही गेली नाही. पोरीबिरीचं तर काहीच नव्हतं, ते आपल्या पाड्याने परस्पर जुळवलं आणि परस्परच मोडलं. कॉफी! हो, कॉफीच. हसू नका, त्याची आई आठवडाभर रडत होती.

तुम्हाला माहीतच आहे, तो मालाडला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. संध्याकाळी चेक नाक्यावर गाडी येते, सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग हा घरी. गेले काही महिने त्याचं काय चाललं होतं, तर मध्येच छातीत धडधड, हाताला कापरं, हायवेवर गाडी अडकली की घाम. एकदा तर म्हणे काशिमीऱ्याच्या सिग्नलला गाडीतून उतरून चालायलाच लागला. ईसीजी काढला, सरळ. थायरॉइड तपासलं, सरळ. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं हल्लीची पोरं नाजूक. मग ह्यानेच मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि ठरवलं, कॉफी बंद. एका दिवसात. त्या घरातलं सगळं असंच हो, वडिलांनी नाही का तंबाखूचा डबा एका फटक्यात खाडीत फेकला होता!

आणि मग जे सुरू झालं! डोकं असं धरलं की उजेड नको. अंगात ताप नाही, पण अंग मोडून आलेलं. आईने पोहे पुढे ठेवले तर ताट सरकवून दिलं. तिसऱ्या दिवशी राजीनाम्याचा मजकूर लिहून बसला. कोपऱ्यावरच्या आजींनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली, चुलीत तडतडली म्हणून दृष्ट जबरदस्त आहे असंही ठरलं. अहो आजी, मोहरी निखाऱ्यावर तडतडणार नाही तर काय गाणं म्हणणार? पण हे त्यांच्यासमोर बोलायची माझी छाती नाही.

तर त्या रविवारी आमची भाची आली होती. तीच, मनोविकाराची डॉक्टर. मी तिला म्हटलं, जरा जाऊन बघ गं, शेजारधर्म आहे. ती गेली, बसली, आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "दिवसाला किती कप?" आईने तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, चार. आई म्हणाली, बघा, चारच तर! भाची म्हणाली, कप केवढा? तर तो ऑफिसातला मग. त्यात आपले दोन कप मावतात. शिवाय पहाटे एक एनर्जी ड्रिंकचा कॅन.

आता हिशेब म्हटलं की मी पुढे. तीस वर्षं बँकेत कॅशला बसले ते काय उगाच? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिलंय. १५० मिलिलिटरचा कप धरायचा. गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, आणि चहात, हां वहिनी, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३००. आता ह्याचे चार मग म्हणजे आठ कप. इन्स्टंट धरली तरी ४०० ते ५२०. कॅनमध्ये लिटरला ३०० च्या वर घालायला सरकारची परवानगी नाही, म्हणजे पाव लिटरच्या कॅनात ७५ पर्यंत. बेरीज करा. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट भरणा, तोही रात्री! भाची सांगत होती, ज्यांना मुळात घबराटीचे झटके येतात अशा लोकांना ४०० मिलिग्रॅम आणि त्यावर एकदम देऊन पाहिलंय. निम्म्याच्या आसपास लोकांना तिथेच झटका आला. बिनकॅफीनचं दिलं तेव्हा जवळजवळ कुणालाच नाही.

आणि ती वस्तू अंगातून लवकर जातही नाही. सरासरी पाच तासांनी निम्मी उरते. हा पहाटे चारला मग संपवणार, नऊला पडदे ओढून आडवा होणार, तेव्हा अर्धा मग अजून रक्तात जागा. झोप तुटकी, म्हणून संध्याकाळी पुन्हा कॉफी. झोप नाही झाली की माणूस तसाही हबकतो, त्यात ही भर. बायकांचं तर आणखी वेगळं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ती जायला साधारण दुप्पट वेळ लागतो, आणि दिवस भरत आले की त्याहूनही जास्त. म्हणून गरोदरपणी २०० च्या आत राहा म्हणतात. तुमच्या सुनेला सांगा. मी सांगितलं म्हणून नका सांगू, तुम्हीच वाचलंत म्हणून सांगा.

बरं, जास्त प्यायल्याने धडधड, हे कळलं. पण सोडल्यावर का त्रास? मलाही तेच पडलं होतं. तर भाचीने काय सांगितलं ऐका. आपण दिवसभर जागं राहिलो की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं काहीतरी साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसलं की आपल्याला जांभया. कॅफीन काय करतं? तुम्ही भाईंदर लोकलने दहा वर्षं गेलात ना चर्चगेटला, मग लगेच कळेल. ते येऊन त्या सीटवर रुमाल टाकतं. स्वतः काही काम करत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. रोज रोज रुमाल दिसायला लागले की मेंदू आणखी सीट बसवून घेतो. आणि एक दिवस सगळे रुमाल एकदम उचलले, की दारात लटकलेली सगळी गर्दी आत! मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, डोकं ठणकतं, अंग जड, मन उदास, कुणी बोललं तरी राग.

शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी कळस, आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत कधीही उतरतं. अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी २०१३ पासून त्यांच्या आजारांच्या यादीत ह्याला रीतसर जागा दिली आहे. आपल्याकडे मात्र मोहरीच.

पण एक गोष्ट तिने नीट वेगळी करून सांगितली, ती मला फार पटली. पिऊन होणारा त्रास आणि सोडून होणारा त्रास हे जुळे भाऊ नव्हेत. पिऊन होते ती धडधड, कापरं, भीती. सोडून होतं ते बहुतेक डोकेदुखी, मरगळ, चिडचिड. भीती त्यातही वाढते, पण थोड्यांची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ६२ साध्यासुध्या माणसांवर पाहिलं होतं, १९९२ साली छापून आलं. दिवसाला अडीच कप कॉफीवाली माणसं, काही अट्टल नव्हेत. कॅफीन गुपचूप काढून घेतलं तर निम्म्याहून जास्त लोकांचं डोकं चांगलंच दुखलं. उदासपणाचे गुण ११ टक्क्यांत चढले, काळजीचे ८ टक्क्यांत. म्हणजे बारा-तेरा माणसांत एक. आणि गंमत अशी, की औषध घ्यायचं नाही असं बजावलेलं असताना १३ टक्के लोकांनी डोक्याची गोळी घेतलीच. म्हणजे तिथेही तुमचे आमचेच लोक!

हा पोरगा दोन्हींत सापडला होता. पिताना घाबरा, सोडल्यावर भडकलेला. आणि त्याला वाटलं, सोडूनही काही उपयोग नाही, म्हणजे आपल्याला मोठंच काहीतरी झालंय. तिथून तो राजीनामा. चौथ्या दिवशी एक कप प्यायला असता तर अर्ध्या तासात हुशार झाला असता आणि म्हणाला असता, कॉफीच माझं औषध! अहो, आपणही तेच म्हणतो ना, "चहा घेतला की कसं बरं वाटतं." त्या बरं वाटण्यातलं किती चहाचं आणि किती आधीच्या चहाने लावलेलं दुखणं थांबल्याचं, हा हिशेब मी अजून करत्येय.

काय म्हणालात? आपण कुठे कॉफी पितो? पण चहाचा तो आकडा विसरलात का? रोज १०० मिलिग्रॅमची सवय असली तरी सोडताना त्रास होऊ शकतो. आपले सकाळचे दोन आणि दुपारचा एक, झाले ना? कॉफी आपल्याकडे पाहुणी असायची, बारशाला, हळदीकुंकवाला, वर किसलेलं जायफळ. मला तर त्याचीच गंमत वाटते, झोप यावी म्हणून बाळाला उगाळून देतो ते जायफळ, आणि झोप उडवणारी कॉफी, दोन्ही एकाच कपात. कुणाचं चालायचं कोण जाणे. चहा मात्र घरचाच होऊन बसला. आमच्या सासऱ्यांनी गांधीजींचं ‘आरोग्याची किल्ली’ वाचून चहा सोडला होता. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, १९४२ साली लिहिलेलं ते पुस्तक. चहा, कॉफी, कोको, तिन्हींची शरीराला गरज नाही असं त्यात आहे. सासूबाई सांगायच्या, पहिला आठवडा ते इंग्रजांवर जितके चिडले नव्हते तितके घरात सगळ्यांवर चिडले. तेव्हा त्याला तत्त्वनिष्ठा म्हणायचे.

आणखी एक ऐका, हे तुमच्या दिरांसाठी. सिगरेट ओढणाऱ्यांचं यकृत कॅफीन भराभर निकालात काढतं. सिगरेट सोडली की तो वेग मंदावतो, पण माणूस चहा तेवढाच पितो, उलट हाताला चाळा म्हणून जास्तच. मग रक्तात कॅफीन चढतं, माणूस अस्वस्थ होतो, आणि म्हणतो, बघा, सिगरेट सोडली म्हणून हे झालं. आणि पुन्हा टपरीवर. सिगरेट सोडताना चहा निम्मा करावा, हे कुणी सांगतच नाही.

हो, आता पोरगा बरा आहे. बरा म्हणजे, भाचीने त्याला पुन्हा कॉफी सुरू करायला लावली! आईचा चेहरा बघायला हवा होता. कॅन बंद, ऑफिसातला मग जाऊन घरचा कप आला, आणि दर आठवड्याला थोडं थोडं कमी. पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच काय ती प्यायची, मध्यरात्रीनंतर नाही. डोकं दुखलं नाही, ताट सरकलं नाही. धडधड पुष्कळ उतरली. पुष्कळ, सगळी नाही. ते घराचं कर्ज, वडिलांचा गुडघा, हे काही मगमध्ये विरघळलेलं नव्हतं. तिने त्याला स्पष्टच सांगितलं, कॉफी कमी करूनही भीती राहिली तर मला ये दाखवायला, आणि रात्री-अपरात्री फारच वाटलं तर सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मला तिचं हे आवडलं. नाहीतर एक कारण सापडलं की आपण सगळं त्याच्याच गळ्यात बांधतो. आता पाड्यात बघा, कुणाच्या सुनेने तोंड वाकडं केलं तरी म्हणतात, चहा किती पिते हो ती?

बरं, मी तुम्हाला मुद्दाम बोलावलं ते वेगळ्याच कामाला. भावोजींना एकादशीला दरवेळी डोकं दुखतं म्हणता ना तुम्ही? पित्त म्हणता. आता सांगा, दशमीला शेवटचा चहा किती वाजता? पाचला. एकादशीला चहा वर्ज्य. दुखायला कधी लागतं? दुपारी बाराच्या सुमारास. पाच ते बारा, एकोणीस तास! बसला ना हिशेब बरोबर? आणि मग गोळी घेतात, तासाभरात उतरतं, हो की नाही? ते गोळीचं पाकीट आणा बघू आतून. चष्मा माझ्याकडे आहे.

हं. सॅरिडॉन. बारीक अक्षरात लिहितात मेले. पॅरासिटामॉल २५०. प्रोपिफेनाझोन १५०. आणि हे बघा, वाचा तुम्हीच, बोटाखाली. कॅफीन, ५० मिलिग्रॅम. म्हणजे कपभर चहा वर्ज्य, आणि त्या कपातलं कॅफीन पाण्याबरोबर गिळलं की उपास शाबूत! नाही हो, मी काही म्हणत नाही, उपास त्यांचा, विठ्ठल त्यांचा. माझं एवढंच म्हणणं, आषाढी तोंडावर आली आहे, आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत आणला तर गोळीच लागायची नाही. तुम्ही सांगून ऐकणार नाहीत म्हणता? मग मी सांगते, मला काय भीती आहे?

अगं बाई, हे तर मागेच उभे आहेत! या भावोजी, या, तुमचीच गोष्ट चालली होती. आज आतापर्यंत किती कप झाले?