सूर्यास्त वसूल करण्याची पद्धत

सूर्यास्त फुकट असतो. वारा फुकट असतो. समुद्रातल्या माशांनीही अजून तिकीट लावलेले नाही. तरी मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर या तिन्ही वस्तू एका शिडाच्या होडीत घालून, दहा-बारा जणांच्या ‘छोट्या गटा’ला, दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या वेळेपुरत्या रोखीने विकल्या जातात आणि पुण्या-ठाण्याची, नागपूर-कोल्हापूरची माणसे त्या विकत घेतात. घेतात ते ठीक. पण घेतलेली वस्तू वसूल कशी करायची, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. बुफेत वसुली कशी करायची ते आपल्याला उपजत कळते. सूर्य मात्र दुसऱ्यांदा वाढून घेता येत नाही. ही अडचण ओळखून पुढील मार्गदर्शन क्रमवार दिले आहे. पायऱ्या गाळू नयेत.

पायरी पहिली : किनारा निवडणे

सूर्य पश्चिमेला मावळतो. ही माहिती शाळेत मिळालेली असली, तरी हॉटेल बुक करताना ती वापरली जातेच असे नाही. मॉरिशसच्या पूर्वेला, बेल मारच्या बाजूला, उत्तम हॉटेले आहेत. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. संध्याकाळी तो जमिनीच्या बाजूला जातो, तेव्हा तुम्ही समुद्राकडे तोंड करून त्याची वाट पाहत असता. पाण्यात बुडणारा सूर्य हवा असेल, तर तामारें, ब्लॅक रिव्हर, ला गोलेत, ल मोर्न ही पश्चिमेची नावे नकाशावर शोधावीत. वाऱ्याचाही हिशोब तिकडेच जमतो. बेटावर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून वारा येतो. पूर्व किनारा तो अंगावर घेतो आणि मधल्या पठाराच्या आडोशाला पश्चिम किनारा त्या मानाने निवांत राहतो.

आता घड्याळ. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात, तर तिथे हिवाळा तोंडावर असतो आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. मनगटावरचे घड्याळ न बदलणारे एक काका प्रत्येक गटात असतात. ते धक्क्यावर दीड तास आधी पोहोचतात, बाकीच्यांना फोन करून उशिराबद्दल झापतात, आणि सूर्यास्त बरोबर सव्वासातला, म्हणजे जवळजवळ घरच्याच वेळेला झाला, याचे समाधान मिळवतात. त्यांना दुरुस्त करू नये. त्यांचे वसूल झाले.

पायरी दुसरी : भाव करणे

मॉरिशसचे चलनही रुपयाच आहे. त्यामुळे दरपत्रक वाचून प्रथम आनंद होतो. तो दहा सेकंद टिकू द्यावा. त्यानंतर कोणीतरी सांगतेच, की त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे.

‘छोटा गट’ म्हणजे नेमकी किती माणसे, हे पैसे भरण्याआधी विचारावे. त्याच वेळी आपणही किती जण आहोत, हे मोजावे. मावशी, दोन काका, त्यांची मुले, सुना आणि विमानतळावर ओळख झालेले साताऱ्याचे कुटुंब मिळून अकरा जण होत असतील, तर तो छोटा गट नसून वऱ्हाड आहे. बाराव्या जागेवर बसणाऱ्या परदेशी पाहुण्याला याची आगाऊ कल्पना देणे माणुसकीला धरून होईल.

घासाघीस करताना आपसात मराठीत शेरे मारू नयेत. ‘दिसतो साधा, पण पक्का आहे हो’ हे वाक्य फ्रान्समध्ये चालते, इथे चालेलच असे नाही. या बेटावर 1835 मध्ये गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना हात कमी पडले, म्हणून पाच वर्षांच्या करारावर, महिना पाच रुपयांच्या बोलीने, हिंदुस्थानातून मजूर आणले गेले. पोर्ट लुई बंदरात ते जिथे उतरत, तो आप्रवासी घाट आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या मजुरांत रत्नागिरीच्या बाजूचे लोक होते. त्यांची नातवंडे-पतवंडे घरात आता क्रिओल बोलतात; पण गणेशचतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. तुमच्या कप्तानाने तो घेतलेला असला, तर शेरा ऐकूनही तो काही बोलणार नाही. होडीत चढताना ‘या काका, पाय जपून’ एवढेच म्हणेल. ज्याच्या खापरपणजोबाने महिना पाच रुपयांवर ऊस तोडला, त्याच्याकडे दहा टक्के सूट मागावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. बहुतेक जण पाच टक्क्यांवर येतात.

पायरी तिसरी : सामान

बोट लागते, हे आधीच मान्य करावे. ‘मला एसटी कधी लागली नाही’ हा युक्तिवाद समुद्र ऐकून घेत नाही. गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात न राहता थेट समुद्राला अर्पण होते. आवळा सुपारी जवळ ठेवावी, कारण तिच्याने धीर येतो. होडीच्या मध्यावर बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी. फोनकडे पाहिल्याने त्रास वाढतो. हा वैद्यकीय सल्ला आहे, संस्कारवर्ग नव्हे.

सनस्क्रीनबाबत सावध राहावे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही द्रव्ये प्रवाळाला अपाय करतात, म्हणून हवाई बेटांनी 2021 पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. त्यापेक्षा गणेश मंडळाच्या वर्धापनदिनाचा जुना, लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून पाण्यात उतरावे. पालथे तरंगणाऱ्या माणसाची पाठ भाजते, नाक नव्हे. टी-शर्टवर छापलेले अध्यक्षांचे छायाचित्र पाठीवर येईल असे पाहावे. ऊन त्यांना लागू द्यावे.

चिवडा आणि बाकरवडी न्यावी, पण ती माणसांसाठी. माशांना घालू नये. फुकट खायला मिळाले की मासे आपले नेमून दिलेले काम सोडून होडीच्या मागे लागतात, आणि त्यांचे काम प्रवाळावरचे शेवाळ खाणे हे असल्यामुळे प्रवाळ शेवाळाखाली जातो. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. होडीवर भाजलेली मासळी आणि कोंबडी असली, तरी ‘गातो पिमां’ही बहुधा मिळते. ती खाऊन पाहिल्यावर मावशी जाहीर करतील, की हा डाळवडाच आहे आणि यात कढीपत्ता हवा होता. दोन्ही विधाने बरोबर आहेत.

पायरी चौथी : शिडावर विश्वास ठेवणे

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला जिथे जायचे असते त्याच्या आधी डावीकडे तिरपे, मग उजवीकडे तिरपे, असे नागमोडी जावे लागते. हे पाहून मराठी प्रवाशाच्या मनात स्वारगेटच्या रिक्षावाल्याविषयीची सगळी जुनी शंका जागी होते आणि तो फोनवर नकाशा उघडून कप्तानाला जवळचा रस्ता दाखवतो. असे करू नये. इथे मीटर नाही आणि लांबचा रस्ता हाच रस्ता आहे. उलट, जितके जास्त फिरवतील तितके वसूल.

वारा पडला तर कप्तान इंजिन सुरू करतो. त्या वेळी ‘शिडाचे पैसे घेतले आणि डिझेलवर नेले’ अशी तक्रार निघते. तिचे उत्तर असे, की डिझेलला पैसे पडतात आणि वाऱ्याला पडत नाहीत. म्हणजे तोटा त्याचा झाला. हे पटल्यावर काका शांत होतात आणि जाळीवर जाऊन आडवे होतात. दोन सांगाड्यांच्या होडीत पुढच्या बाजूला पाण्यावर ताणलेली ही जाळी असते. एकेक लाट तिच्यातून वर येऊन बसलेल्याला भिजवते. म्हणून त्या जागेवर सर्वांचा हक्क आहे, असे आग्रहाने म्हणावे आणि आधी जावयांना बसवावे.

पायरी पाचवी : पाण्यात उतरणे

पाण्यातला कार्यक्रम आधी आणि सूर्यास्त नंतर असतो. कारण सूर्य खाली गेला की त्याचे किरण पाण्यावरून निसटतात आणि आत अंधारून येते. तेव्हा ‘आधी चहा होऊ दे’ म्हणू नये.

मास्क लावण्यापूर्वी काचेवर आतून थुंकून ती विसळावी, म्हणजे धुके जमत नाही. जन्मभर ‘येथे थुंकू नये’ वाचत आलेल्यांना हे जड जाते. मिशा असलेल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठाकडून पाणी शिरते. याला उपाय दोन : मिशीखाली व्हॅसलिन लावणे, नाहीतर मिशी काढणे. दुसरा उपाय सुचवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा अंदाज घ्यावा. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालावे. पोहता येते असे सांगणाऱ्यांनी तर नक्कीच घालावे. प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड वाटला तरी जिवंत आहे, आणि तिथे दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा एक मासाही राहतो. दोघांनाही पाय दिलेला आवडत नाही.

यानंतर स्नॉर्कलची नळी तोंडात धरावी. इथे या सहलीतली मुख्य अडचण उभी राहते. नळी तोंडात असताना बोलता येत नाही. सुरुवातीला प्रयत्न होतात. नळीतून ‘हूऽऽ’ असा आवाज येतो, तो ‘अगं इकडे बघ’ आहे की ‘मी बुडतोय’ आहे, हे कळत नाही, आणि कप्तान दोन वेळा उगाच उडी मारतो. पण थोड्या वेळाने अकराच्या अकरा जण पाण्यावर पालथे पडलेले असतात आणि कोणी कोणाला सूचना करत नसते. स्वेटर घातलास का, दर किती पडला, गेल्या वर्षी थायलंडला याहून जास्त मासे होते, यांतले काहीही कोणाला म्हणता येत नाही.

मग खालून कुरकुर ऐकू येते. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतो. खरवडलेला प्रवाळ तो चावतो, गिळतो आणि मागून बारीक पांढरी वाळू सोडतो. सकाळी ज्या वाळूवर अनवाणी चालून तुम्ही धन्य झालात, तिच्यातली पुष्कळशी याच्या पोटातून आलेली आहे. शेजारी समुद्रफुलाच्या झुलत्या सोंडांत विदूषकमाशाचे कुटुंब राहते. या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी आणि घर तिच्या हुकमात. ती गेली, की तिचा नवरा हळूहळू स्वतःच मादी होतो आणि कारभार हाती घेतो. काकांना ही माहिती पाण्यात असतानाच द्यावी, कारण त्यांना उत्तर देता येणार नाही.

एक तांत्रिक सूचना. काच आणि पाणी यांच्यामुळे पाण्याखालची वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. अहवाल देताना ही वजावट करणे सज्जनपणाचे आहे, पण सक्तीचे नाही.

पायरी सहावी : सूर्यास्त

बिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटे जातात. एवढ्यासाठी आपण एवढे आलो का, हा विचार नैसर्गिक आहे. त्यात भर म्हणून हेही सांगायला हवे, की वातावरणात प्रकाश वाकत असल्यामुळे, सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात तो खाली गेलेला असतो. म्हणजे दाखवला जातो तो माल आधीच संपलेला आहे. याबद्दल परतावा मिळत नाही. शेवटच्या क्षणी, हवा स्वच्छ असली तर, वरच्या कडेला हिरवी झाक चमकून जाते. ती बहुधा बायकोला दिसते आणि नवरा तेव्हा फोनचा कोन बदलत असतो.

फोनविषयी कडक शब्दांत सांगण्याचे कारण आहे. 25 जुलै 2020 रोजी याच बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर ‘वाकाशियो’ नावाचे जहाज प्रवाळावर चढले आणि सुमारे 1000 टन तेल समुद्रात गेले. गावकऱ्यांनी उसाचा पाचोळा आणि माणसांचे केस कापडात भरून तेल अडवायला तरंगते बांध केले. जहाज भाड्याने घेतलेल्या कंपनीच्या अहवालात नंतर असे आले, की मोबाइलची रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याच्या जवळ आणले गेले होते. ‘जरा रेंज येते का बघ’ असे सुचवण्यापूर्वी हे आठवावे.

सगळे सूर्याकडे पाहत असताना पाठीमागे ल मोर्नचा डोंगर असतो, 556 मीटरचा, मावळतीचे ऊन अंगावर घेतलेला. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कडेकपारीत लपून राहत, म्हणून 2008 मध्ये त्याचेही नाव जागतिक वारशात गेले. दरपत्रकात तो नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी वळत नाही. अडीच मिनिटांतली दहा-वीस सेकंद त्याला द्यावीत. मघाशी सुटलेल्या पाच टक्क्यांची भरपाई त्यातून होते.

पायरी सातवी : हिशोब

धक्क्यावर उतरताच सर्वांच्या तोंडातून एकदम बोलणे फुटते. ते होऊ द्यावे. रात्री खोलीत वही घेऊन बसावे. सूर्यास्त : अडीच मिनिटे, तोही शिळा. वारा : अर्धा वेळ. डाळवडे : कढीपत्ता नाही. पेये : ज्यांनी घेतली त्यांनी ती लिहिलेली नाहीत. नळी तोंडात असतानाचा वेळ कोणत्या रकान्यात टाकायचा, यावर वाद होईल. काका तो तोट्यात धरतील, कारण त्या वेळेत त्यांना एकदाही मत देता आले नाही. काकू तो नफ्यात धरतील, कारणही तेच. दोन्ही नोंदी ठेवून बेरीज करावी, ताळेबंद जुळतो.

घरी परतल्यावर शेजारी विचारतील, ‘वसूल झाले का?’ तेव्हा विमानभाडे, दर आणि मिळालेली सूट क्रमाने सांगावी. ते फक्त सवलतीचा आकडा लक्षात ठेवतील. पाण्याखाली काय पाहिले, असे विचारलेच, तर दोन्ही हात पसरून माशाची लांबी दाखवावी. वजावट करू नये.