चांदवडी रुपयाचा बट्टा

होळकरशाहीत चांदवडच्या टांकसाळीत पडलेला चांदवडी रुपया परमुलखात गेला की सराफ तो वाजवून, तोलून त्यावर बट्टा, म्हणजे परक्या नाण्याच्या किमतीतली कपात, लावीत. आज त्याच गावचा अभियंता अमेरिकेला निघतो तेव्हा ही पारख व्हिसाच्या खिडकीवर होते. एच-वन-बी, अर्थात विशेष कौशल्याच्या नोकरीसाठीचा तात्पुरता परवाना, वर्षाला ६५,००० जणांना आणि तिथल्या आणखी २०,००० पदव्युत्तरांना एवढाच मिळत असल्याने अर्जांची सोडत निघते. रेणुकामातेला कौल लावणाऱ्या आजीला हसणाऱ्या या सुशिक्षिताचे भवितव्य मग संगणकाच्या कौलावर ठरते. पासपोर्टावर नाव एकाच शब्दाचे असेल, तर ते आडनावाच्या रकान्यात जाऊन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे छापले जाते, आणि बारशाला ज्याच्या कानात चार आत्यांनी नाव सांगितले तो कचेरीत ‘फनू’ होतो. जन्मभर ‘सर, सर’ म्हणत आलेल्या या फनूला साहेबाला एकेरी नावाने हाक मारावी लागते, ही शिक्षा निराळीच. परवान्याची पहिली मुदत कमाल ३ वर्षांची असते, आणि सहसा ६ वर्षांपलीकडे ती वाढत नाही.