पुनश्च पायडल

पुनरागमनी सायकलस्वार पुण्यात मुबलक आढळतो. वय पंचेचाळीस ते अठ्ठावन्न, हुद्दा बऱ्यापैकी, पोट हुद्द्याला साजेसे. सायकल त्याने शेवटची चालवली ती कॉलेजात; पुढे स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली. पुणे एके काळी सायकलींचे शहर होते हे मात्र तो असे सांगतो, की त्या लौकिकात निम्मा वाटा त्याच्या ॲटलसचाच असावा.

पुनरागमनाचे कारण बहुधा रक्ताच्या रिपोर्टात असते. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीएवनसीचा आकडा ५.७ ओलांडून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेला असतो. डॉक्टर "रोज अर्धा तास चालत जा" एवढेच म्हणतात. चालण्यासाठी फारसे काही विकत घ्यावे लागत नसल्याने हा उपाय त्याच्या मनात भरत नाही.

खरेदी हा या जीवनक्रमातला सर्वांत जोमदार काळ. एकवीस गिअरची हायब्रीड, हेल्मेट, हातमोजे, मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि बुडाशी गादी शिवलेली तंग चड्डी. या चड्डीच्या आत काही घालायचे नसते, हे दुकानदार आवाज उतरवून सांगतो. गिऱ्हाईक ते ऐकून न ऐकल्यासारखे करते आणि तिसऱ्या दिवशी मांड्या सोलवटल्या की निमूट ऐकते. घरी किंमत सांगताना हेल्मेट फुकट मिळालेले असते.

या वर्गाची खरी ओळख पटते ती सीटच्या उंचीवरून. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा बालपणीचा हट्ट सुटलेला नसतो. सीट इतकी खाली, की पायडल वर आले की गुडघा पोटाला भेटतो. वास्तविक पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरावे लागते, तेवढाच त्रास. हे उमगेपर्यंत तो गुडघ्याला पट्टा बांधून वयाला दोष देतो.

दुसरी खूण गिअरची. हलका गिअर लावणे त्याला कमीपणाचे वाटते. सरावलेला सायकलस्वार हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे सहज फिरवतो. हा जड गिअर दात-ओठ खात रेटतो. तेवढ्यात कामाला निघालेल्या एक ताई, कॅरिअरला पिशवी लावून, बिनगिअरच्या लेडीज सायकलवर चपलांनी पायडल मारत शेजारून पुढे निघून जातात. जाता जाता "दादा, स्टँड वर घ्या!" असेही सांगतात.

रविवारी खडकवासला. जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर, त्याच्या वेगाने फार तर हजारभर कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे कागदोपत्री घट सव्वाशे ग्रॅमची. धरणावर कांदाभजीची बशी, त्यावर गोड चहा आणि परतताना जादा तर्रीची मिसळ झाली, की ही घट पोटाच्या खाती व्याजासह जमा होते. सोमवारी वजनकाटा बदलण्याचा विचार होतो.

संभाषणात त्याचा पल्ला बराच लांबचा. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली जोडीने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत तो चुलतभावांचे कौतुक करावे तशी वर्णन करतो. 'ब्रेव्हे' या वेळ ठरलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर, यात अवघड ते काय, असा त्याचा सवाल असतो. साडेतेरा तास बसायचे कशावर, हा मुद्दा हिशोबात धरलेला नसतो.

पहिल्या पावसात या वर्गाच्या दोन शाखा होतात. मोठ्या शाखेची सायकल गॅलरीत जाते. हँडलवर टॉवेल वाळतात, चेन गंजते, आणि "पाऊस थांबला की" हे वाक्य दिवाळीपर्यंत पुरते.

लहान शाखा सीट वर घेते, गिअर हलका करते आणि चेनला तेल देते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. तो मंडई, बँक आणि सासुरवाडी यांतच भरून निघतो. वेग एवढाच, की बोलता यावे पण गाता येऊ नये. पुणेकराला यातला पहिला भाग जड जात नाही. काही महिन्यांत जिना चढताना धाप लागेनाशी होते, विसाव्याची नाडी संथ होते, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते. गप्पांतले किलोमीटर त्याच प्रमाणात घटतात. आता तो नुसता सायकल चालवणारा माणूस असल्याने या वर्गातून त्याचे नाव कमी होते. जादा सामान तो शेजाऱ्याला अर्ध्या किमतीत विकतो, आणि शेजारी सोमवारपासून नक्की सुरू करणार असतो.